मक्याचा कोंडवाडा

बियाणे कंपनीचा साहेब बांधावरून वाकून वाकून कणसं न्याहाळू लागला, तेव्हाच ठकूबाईच्या मनात पाल चुकचुकली. त्यानं एक कणीस सोलून सोबतच्या सरपंचांपुढे धरलं.

"हे आमच्या कंपनीचं वाण. हक्क आमचा. या बाईनं चोरलंय."

"शेजारच्या रानात तुमचा मका आहे. वाऱ्यानं त्याच्या तुऱ्यातले पराग उडून माझ्या कणसांवर पडतात," ठकूबाई म्हणाली. "पण माल तुमचाच, नक्की?"

"शंभर टक्के!"

"सरपंच, ऐकलंत? दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं ढोर आपण कोंडवाड्यात घालतो, आणि दंड मालक भरतो. साहेबांचा माल न विचारता माझ्या पिकात शिरलाय. काढा किल्ली!"

साहेब गडबडला. "अहो बाई, वाऱ्यानं आलेल्याचे आम्ही मालक कसे?"

"मग मी चोर कशी?" म्हणत ठकूबाईनं कणीस त्याच्या हातातून काढून घेतलं.