वरचा थर

“पण बाई, तपासणी चुकू शकते ना?”

केणीबाई विळीवर सुरमई कापत होत्या. निनाद तांडेलला शाळेत प्राणिशास्त्राची गोडी त्यांनीच लावली होती. आता तो प्रयोगशाळेत माशांचे डीएनए तपासायचा. डोकं, शेपूट, कातडी उडवलेला नखाएवढा तुकडा द्या, मासा ओळखून दाखवतो, अशी त्याची ऐट. तो बाजारात शिरला की कोळणी हसत हसत टोपल्या झाकायच्या.

आज मात्र त्याचा पाय ठरत नव्हता. ओट्यावर बसला, उठला, पुन्हा बसला.

“कुणाचा तुकडा?”

“दादूसचा.”

बाईंचा हात थांबला. याच थोरल्या भावानं बोटीवर राबून निनादला शिकवलं होतं.

“मुशी म्हणून विकत होता. निघाला करवत मासा. पकडायलाच बंदी आहे, बाई. कळवलं तर बोटीचा परवाना जाईल... तीनदा तपासलं.”

“इतरांचे तुकडे कितीदा तपासतोस?”

“एकदाच.”

“हं...”

“तुम्ही आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांना सांगा ना, अशी गल्लत होते म्हणून. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत.”

बाईंनी सुरमईचा एक तुकडा आणि सुरी त्याच्यापुढे सरकवली.

“तपासायला घेतोस, तसा काप.”

इथे जीव टांगणीला लागलाय आणि बाईंना पोरखेळ सुचतोय! निनाद मनातून चिडला. पण हात सवयीनं चालला. वरचा थर सोलून त्यानं बाजूला टाकला आणि आतलं कणभर मांस उचललं.

“वरचं का टाकलंस?”

“कुणाकुणाचे हात लागलेले असतात. टोपलीतल्या दुसऱ्या माशांचं पाणी लागतं. वरचं घेतलं तर घोळ होतो.”

“आणि दादूसचा तुकडा? तिसऱ्यांदा कुठून घेतलास?”

निनादनं सुरी खाली ठेवली. बाईंकडे बघवेना.

“वरून,” तो म्हणाला. “मुद्दाम... तरी तेच आलं.”

निनाद उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला. घरी जायचा त्याला धीर होत नव्हता.

“दादूसला कुठल्या तोंडानं सांगू, तो मासा कुठला ते?”

बाईंनी विळी पुन्हा पुढे ओढली.

“मासा कुठला, ते त्याला जाळं ओढतानाच कळलं होतं, निनाद. भाऊ कुठला, ते कळायचं राहिलंय.”