उरलेल्या गोळ्या

औषधाच्या पुड्या जाऊन गोळ्यांची पाकिटं आली, त्या काळात सत्तरीच्या भार्गवरावांच्या मूत्राशयात एक निबर जंतू राहत होता. पाच दिवसांच्या औषधातल्या पहिल्या दोनच दिवसांत त्याचे दुबळे सोबती मेले. तोही अर्धमेला झाला. राहिलेल्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी संपला असता. उरलेले जंतू रडू लागले.

“गप्प बसा,” तो म्हणाला. “यांची तीन आजारपणं मी पाहिली आहेत. ताप उतरला की हे स्वतःच डॉक्टर होतात.”

तिसऱ्या सकाळी भार्गवराव पत्नीला म्हणाले, “आता बरं वाटतंय. राहिलेल्या गोळ्या डब्यात ठेव, कुणाच्या तरी उपयोगी पडतील.”

आठवड्याभरात मूत्राशय त्या जंतूच्या वंशजांनी भरलं. त्या गोळीला भिणारं त्यांच्यात कोणीच नव्हतं. भार्गवराव मात्र कट्ट्यावर सांगत होते, “हे डॉक्टर उगाच जास्त लिहून देतात.”