वकिलातीत दिलेली शिवी

माझगावच्या गोदीजवळ सुंदराबाई घाडींची खानावळ होती. योहान नावाचा परदेशी खलाशी तापाने फणफणला, तेव्हा त्याचं जहाज त्याला तिथेच टाकून निघून गेलं. त्याचे कागदही जहाजाबरोबरच गेले. बाईंच्या हातची पेज पिऊन पोरगा बरा झाला, थोडं मराठीही शिकला, पण घरच्या आठवणीने त्याला घास उतरेना. शेवटी बाई त्याला त्याच्या देशाच्या वकिलातीत घेऊन गेल्या.

अडकलेल्या आपल्या माणसांना घरी धाडणं हे वकिलातीचं कामच. पण तिथले कॉन्सलसाहेब मान वर न करता मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाले, "कागद नाही, म्हणजे हा आमचा नाही. आमच्या भाषेतले चार शब्द काय, कोणीही शिकेल."

बाई योहानकडे वळल्या. "तुझी आई चिडली की तुला काय म्हणते रे? तेच साहेबांना म्हण बघू."

योहान लाजला, आणि मग एका दमात बोलून मोकळा झाला.

साहेब लालबुंद होऊन ताडकन उठले. "नालायका! असली घाणेरडी शिवी फक्त आमच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कोळणी देतात!"

"मला तर एक अक्षर कळलं नाही, साहेब," सुंदराबाई म्हणाल्या. "तुम्ही मात्र त्याचा किनारा सांगितलात, आईचा धंदाही सांगितलात. आता आणखी कुठला कागद हवा?"