चौथा प्रश्न

डोंगरउतारावरच्या एका दाट रानात एक धनेश पक्षी राहत असे. घरटं करण्यात त्याचा हात धरणारं त्या रानात कुणी नव्हतं. मुलांनो, धनेशाचं घरटं म्हणजे चार काड्या गोळा केल्या आणि झालं, असं नसतं बरं! मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि दोघं मिळून ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून टाकतात. चोच जाईल एवढी फट तेवढी ठेवतात. आत मादीचे उडायचे पंख गळून जातात. पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून जे भरवील, त्यावर सगळ्यांचा जीव. आता तुम्हीच सांगा, अशा कामात चूक करून चालेल का?

म्हणून त्या रानातल्या धनेशांनी एक रीत घालून घेतली होती. ढोली लिंपायच्या आधी शेजारच्या धनेशाला बोलवायचं. त्याने फांदीवर बसून चार प्रश्न मोठ्याने विचारायचे. "ढोलीला मागून वाट नाही ना? तळाला पाणी साचत नाही ना? फटीतून चोच नीट जाते ना? आणि हे झाड तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?" पहिल्या तिन्हींची उत्तरं जोडप्याने बघून द्यायची. चौथ्याचं उत्तर शेजाऱ्यानेच द्यायचं, "मला ठाऊक आहे." आपणच विचारायचं आणि आपणच सांगायचं! तरुण धनेशांना याचं फार हसू येई. पण झाड जुनं असो की नवं, चारही प्रश्न झाल्याशिवाय कुणी चिखलाला चोच लावत नसे.

त्या वर्षी आपल्या धनेशाला खालच्या दरीत एक नवी ढोली सापडली. जुन्या ढोलीपेक्षा किती तरी ऐसपैस. धनेशीण आत शिरली, चिखल आणून झाला, आणि ती म्हणाली, "अहो, शेजारच्या भावोजींना बोलावलंत का?"

"ते येणार, गप्पा मारत बसणार, तोवर इथे चिखल वाळून खडखडीत!" धनेश म्हणाला. "अगं, अर्ध्या रानाला हे प्रश्न मीच विचारतो ना? मागे वाट नाही, तळ कोरडा आहे, चोच जाते. झालं की!"

"आणि चौथा?"

"चौथा! इतक्या वर्षांत कुणाच्या कधी उपयोगी पडलाय तो? आणि मी सांगणार नाही असं कुठे म्हणतोय? उद्या उंबरावर भेटतील, तेव्हा सांगतो."

नवऱ्यावर विश्वास ठेवून धनेशिणीने आतून लिंपायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी शेजारी उंबरावर भेटला. "दादा, यंदा बोलावणं आलं नाही! जुनंच झाड ना?" त्याने विचारलं. धनेशाच्या चोचीत फळं भरलेली होती. नंतर सांगतो, अशा अर्थाने त्याने मान हलवली आणि तो उडाला. शेजाऱ्याला वाटलं, हो म्हणाला. पुढे पिल्लं झाली, दोन. मग काय विचारता! दिवसभर उंबर ते ढोली, ढोली ते उंबर. आज सांगू, असं तो रोज ठरवी आणि रोज राहून जाई. मला या धनेशाचा राग येतो. तो आळशी असता तर इतका आला नसता. बायकापोरांसाठी राब राब राबणारा तो, पण एवढं एक वाक्य काही त्याच्या तोंडून निघालं नाही.

आणि एका सकाळी उंबरावर मोरघार झेपावली. सगळ्यांच्या देखत तिने धनेशाला पंजात धरलं आणि ती दूर निघून गेली.

शेजारी रडत बसला नाही. त्याने चोच भरून फळं घेतली आणि थेट जुनं झाड गाठलं. पाहतो तर ढोली सताड उघडी, आत कोळ्याची जाळी! "अरे देवा, वहिनी आहेत कुठे?" तो ओरडला. मग साऱ्या रानातले धनेश हाका मारत फिरू लागले. पण रान केवढं, आणि फट केवढीशी!

इकडे ढोलीत पिल्लं फटीकडे तोंड करून बसली होती. "आई, बाबा कधी येणार?"

"येतील हं," धनेशीण म्हणे. भिंत फोडावी, तर उडायला पंख नाहीत. लांबून हाका ऐकू आल्या की ती जिवाच्या आकांताने ओ देई. ढोलीच्या आतला तो आवाज समोरच्या फांदीपर्यंत जेमतेम पोहोचे. पुढे पिल्लांनी विचारायचं बंद केलं.

शेवटी दरीतल्या एका झाडाखाली शेजाऱ्याला उंबराच्या आणि रानफळांच्या बियांचा सडा दिसला. जवळपास उंबर तर एकही नव्हता. त्याने वर पाहिलं आणि फट ओळखली. "वहिनी! घ्या, आधी पिल्लांना द्या," म्हणत त्याने फळ आत सरकवलं.

बराच वेळ आतून कुणी ते घेतलं नाही. मग आवाज आला, "उशीर झाला हो, भावोजी."

धनेशीण तेवढी जगली. तिला नवे पंख फुटले. पण पुढच्या हंगामापासून जिथे जिथे ढोली लिंपायची असेल, तिथे ती न बोलावता जाऊन बसू लागली. पहिले तीन प्रश्न शेजारी विचारत. चौथा ती स्वतः विचारी. आणि त्या रानात त्या प्रश्नाला पुन्हा कुणीही हसलं नाही.

तात्पर्य : कामात कितीही हातखंडा असला, तरी ठरलेली तपासणी दर वेळी पुरी करावी; आपण गाळलेल्या एका प्रश्नाची किंमत आपल्या भरवशावर बसलेल्यांना मोजावी लागते.