भागोजी रंगारी आणि उपाशी सरडा

एक होता रंगारी. गावाला राजाही होता, पण राजाचं नंतर बघू. आधी रंगारी. तो दमलेला आहे, आणि दमलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नये.

त्याचं नाव भागोजी. म्हातारा झाला होता बिचारा. दिवसभर कापड भिजवायचं, पिळायचं, वाळत घालायचं. हात कोपरापर्यंत निळे, धुतले तरी निळेच. पाठ अशी धरायची की खाली बसलं की उठवत नसे आणि उठलं की बसवत नसे.

मग एकदा काय झालं, राजाच्या मुलीला कुणीतरी सरड्याचं पिल्लू आणून दिलं. साधा सरडा नाही बरं का, रंग बदलणारा. बोटाएवढा जीव, शेपटीची गुंडाळी, आणि डोळे असे की एक बघतोय पुढे तर दुसरा मागे. मुलीचं नाव कनका. तिला ते पिल्लू फार आवडलं.

पण पिल्लू काही खाईना. आचाऱ्याने खीर दिली. दासीने केळं कुस्करून दिलं. खुद्द राणीने चांदीच्या वाटीतून साखरपाणी दिलं. पिल्लू खिरीकडे बघेना की वाटीकडे बघेना. चांदीच्या पिंजऱ्यात काळंमिट्ट होऊन पडून राहिलं.

मग कनकाने आपलं ताट बाजूला सारलं. म्हणाली, "तो जेवला की मी जेवेन."

राणीने समजावलं. राजाने दटावलं. पोर ऐकेना. घोटभर पाणी प्यायची आणि पिंजऱ्याशी बसून राहायची.

शेवटी कारभारी म्हणाला, "महाराज, हे रंगाचं जनावर. रंगाऱ्याला नाही कळणार तर कुणाला कळणार?"

दरबारात सगळ्यांना ते पटलं. आणि पिंजरा आला भागोजीच्या दारात.

"पिल्लू जेवलं की निरोप पाठव," शिपाई म्हणाला. "तोवर बाईसाहेब उपाशी आहेत, एवढं ध्यानात ठेव."

शिपाई गेला. भागोजीची बायको चिमाबाई कंबरेवर हात ठेवून पिंजऱ्याकडे बघत राहिली.

"आपल्या घरात मांजर टिकलं नाही कधी," ती म्हणाली. "ह्याला कोण सांभाळणार?"

"अगं, पोर उपाशी आहे तिकडे."

"तेच म्हणते मी. आपल्या जिवावर कशाला उपाशी बसवायची पोर?"

भागोजीने पिंजरा ओट्यावर ठेवला आणि विचार करू लागला. आता रंगारी विचार करणार तो रंगाचाच. त्याला वाटलं, ह्याच्या अंगातले रंग संपलेत, म्हणून हा काळा पडलाय. कोरं कापड रंग पितं, तसे ह्याच्या पोटात रंग गेले की हा तरतरीत होईल.

मग पहिल्या दिवशी त्याने हळद घेतली. फडक्यातून गाळली, पाण्यात कालवली आणि काडीच्या टोकाने पिल्लाच्या ओठाला लावली. पिल्लाने डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी त्याने मंजिष्ठेची मुळं उकळली. लाल लाल पाणी निघालं. ते थेंबभर पुढे केलं. पिल्लाने तोंड फिरवलं आणि ते आणखी काळं पडलं. त्याचं पोट आत गेलं होतं. बरगड्या मोजून घ्या.

तेवढ्यात शिपाई आला. म्हणाला, "बाईसाहेब आज अंथरुणातून उठल्या नाहीत." आणि भागोजीच्या तोंडाकडे न बघता निघून गेला.

भागोजीने हातातली भाकरी परत टोपलीत ठेवली.

"आता तुम्हीपण?" चिमाबाई म्हणाली. "बरं झालं. उद्यापासून चूलच पेटवत नाही मी."

तिसऱ्या दिवशी निळीची पाळी होती. पण नीळ घोटायची म्हणजे हाताला बळ लागतं. म्हातारा खलापाशी बसला, बत्ता उचलला, आणि पुन्हा खाली ठेवला. नाहीच झालं त्याच्याने. मग त्याने पिंजरा उचलून अंगणातल्या पेरूच्या झाडाला टेकवला आणि दार उघडलं.

"जा बाबा," तो म्हणाला. "मला काही कळत नाही तुझं. झाडावर तरी बस."

पिल्लू निघालं. एक पाय पुढे, मग थांबायचं. जरा पुढे झुलायचं, जरा मागे. मग दुसरा पाय. भागोजी भिंतीला टेकून बघत राहिला. त्यालाही घाई नव्हती.

त्या पेरूची एक फांदी निळीच्या रांजणावर आली होती. आता रांजणात काय असतं, सांगतो. नीळ असते, चुना असतो, आणि ती आंबावी म्हणून गूळ घालतात. गूळ आला की चिलटं आली. एरवी भागोजी दिवसभर फडकं घेऊन त्यांना हाकलायचा. आज त्याच्याने हात उचलवेना.

ऊन फांदीवर आलं. पिल्लाने आपलं काळं अंग उन्हाकडे वळवलं. हळूहळू ते करडं झालं. मग कोवळ्या पानासारखं झालं. एक चिलट त्याच्या पुढ्यात येऊन बसलं. पिल्लाचा एक डोळा तिकडे वळला. मग दुसराही वळला. आणि तोंडातून जीभ निघाली, अंगापेक्षा लांब. चिलट गेलं.

मग दुसरं गेलं. मग तिसरं.

चिमाबाई तिकडे धुतलेलं कोरं कापड झटकत होती. पाण्याचे थेंब पेरूच्या पानांवर उडाले. पिल्लू वळलं आणि पानावरचा एक थेंब चाटून प्यालं.

"अगं, पुन्हा झटक," भागोजी हळूच म्हणाला.

"कशाला?"

"पाणी पितोय तो."

चिमाबाईने पुन्हा झटकलं. मग जवळ येऊन ती बघत राहिली. "वाटीतलं नको, पानावरचं हवं," ती म्हणाली. "आणि जेवायला जे हवं, ते तुम्ही जन्मभर फडक्याने हाकलताय."

निरोप गेला. दिवस कलताना मेणा आला. कनकाला धरून उतरवावं लागलं, इतकी ती सुकली होती. ती पेरूखाली गेली आणि तिने वर बघितलं. पिल्लू फांदीला शेपटी गुंडाळून बसलं होतं. डोळे मिटलेले. आणि अंग पांढरं, अगदी फटफटीत.

"मेला तो," कनका म्हणाली. शिपायाने मान खाली घातली.

भागोजी गुडघ्यावर हात देऊन उठला आणि तिच्याजवळ गेला. "त्याचं पोट बघा, बाईसाहेब."

तिने बघितलं. एवढंसं पोट, पण भरलेलं. खाली-वर होत होतं.

"झोपलाय तो," भागोजी म्हणाला.

"मग असा पांढरा का झाला?"

म्हातारा म्हणाला, "दिवसभर त्याला पानासारखं व्हायला लागतं, फांदीसारखं व्हायला लागतं. दमतो तो. झोपेत मात्र कुणासारखं व्हावं लागत नाही."

कनका खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "रंगारीबाबा, मला भूक लागली."

चिमाबाईने भाकरी दुधात कुस्करली. कनका त्यांच्या ओट्यावर बसून जेवली, आणि भागोजीही जेवला. पिल्लू मग पेरूवरच राहिलं. राजाही नाही म्हणाला नाही. कनका सकाळी यायची, हात न लावता बघायची, पानांवर पाणी शिंपडायची. भागोजीने चिलटं हाकलणं सोडलं, तेवढंच एक काम कमी झालं. चांदीच्या पिंजऱ्यात चिमाबाईने कांदे ठेवले. सगळे सुखात राहिले.

तुमचीही पोटं भरलीत, पोरांनो. दिवसभर कुणी वाघ झालं, कुणी घोडा झालं. पुरे आता. कुणी काही व्हायचं नाही. डोळे मिटा.