बनावट साक्षीदार कसा निवडावा

ईस्टरच्या आदल्या दिवशी चर्चच्या पाळकसाहेबांचा, म्हणजे धर्मगुरूंचा, घसा बसला. "उद्याचा उपदेश मी करते," त्यांच्या पत्नी, पाळकीण मार्थाबाई म्हणाल्या.

चर्चचे प्रमुख पंच दाविदराव हे नगरचे नामांकित वकील. त्यांनी उभा केलेला साक्षीदार कधी फुटत नसे. ते खाकरले, "ही येशू मेलेल्यांतून उठल्याची, पुनरुत्थानाची साक्ष आहे, बाई. बाईच्या तोंडून आली तर गाव हसेल."

मार्थाबाईंनी राग गिळला. "वकीलसाहेब, बनावट साक्षीदार उभा करायचा झाला, तर कसा निवडावा?"

वकील खुलले. "वजनदार बघावा. पाटील, हेडमास्तर. तोंड बघूनच कोर्टाला पटला पाहिजे."

"आणि बाई?"

"छे! तिचं कोण ऐकतंय?"

"येशूच्या काळीही ऐकत नव्हते. त्याची रिकामी कबर पहिल्यांदा बायांनीच पाहिली, तर खुद्द त्याच्या शिष्यांना त्यांची साक्ष वटवट वाटली. गोष्ट रचायचीच होती, तर येशूची कथा, शुभवर्तमान लिहिणाऱ्यांना एखादा हेडमास्तर मिळाला नसता? त्यांनी बायांची नावं लिहिली, कारण तिथं बायाच होत्या."

वकिलांनी टोपी डोक्यावर चढवली. मग हळूच म्हणाले, "उद्या जरा मोठ्यानं बोला, बाई. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."