वड सोडून उन्हात बसणारी बैठक

दुर्बीण वडाखाली लावू नका, मंडळी. तिथून आभाळ दिसत नाही, आणि त्या सावलीने या माळावर एकदा फार मोठा घोटाळा केला आहे. एवढा ऐसपैस वड असताना आमच्या धनगरांची बैठक शेजारच्या उघड्या कातळावर ऐन उन्हात बसते. पाहुणे हसतात. हसा खुशाल, पण आधी ऐका.

असे सांगतात, की फार पूर्वी दिवाळीनंतर एक वाडा कोकणात उतरायला निघाला आणि इथे मुक्कामाला थांबला. वाडा म्हणजे इमारत नव्हे. चार-सहा कुटुंबे आणि त्यांची मेंढरे. समोरची घाटवाट तेव्हाही अशीच होती, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला कडा. त्या दिवसांत पहाटे शुक्राची चांदणी उगवे. ती उगवली की उठून बिऱ्हाड लादायचे, म्हणजे कड्यापाशी पोहोचेपर्यंत उजाडते, असा रिवाज. राखणीला सिदू नावाचा तरणा गडी होता. त्याला पूर्वेला टपोरी चांदणी दिसली. त्याने हाळी दिली. माणसे उठून घोड्यांवर बिऱ्हाड लादेपर्यंत दरीतून धुके चढले आणि आभाळ झाकून गेले. सिदूच्या भरवशावर वाडा निघाला.

कडा आला तरी उजाडेना. अंधारात पुढची मेंढरे बिथरली, मागची त्यांच्यावर चढली, आणि त्यांना आवरायला धावलेला लिंबा त्यांच्यासकट खाली गेला. लिंबा हा वाड्याचा कारभारी हैबती याचा एकुलता एक मुलगा.

सकाळी मागे फिरून याच वडाखाली बैठक बसली. न्याय करणारा हैबतीच. दुसरा कोण करणार?

"चांदणी उगवली हुती, कारभारी. बिरोबाची आन," सिदू म्हणाला.

"उगवली हुती, तर माझं पोर अंधारात कसं गेलं?" हैबतीने विचारले. "तू झोपला हुतास. दचकून उठलास आन् हाळी दिलीस."

सिदूची बायको ठकू हैबतीच्या पाया पडली; त्याने पाय मागे घेतला. जिथून लिंबा गेला तिथूनच सिदूने जायचे, असा निवाडा झाला. बापाचे काळीज जळत होते, त्याला काय बोलावे? पण सांगायला लाज वाटते, बैठकीतल्या एकानेही नको म्हटले नाही.

सिदू सावलीतून उठून हाकेच्या अंतरावरच्या कड्याकडे चालू लागला. एव्हाना धुके विरून लख्ख ऊन पडले होते. कड्यावर त्याने बिरोबाला हात जोडले, मान वर केली आणि तसाच थबकला.

"कारभारी, ती बघा! अजून हाय!"

जीव वाचवायला थाप मारतोय, असेच सगळ्यांना वाटले. ठकू मात्र धावली. तिने डोळ्यांवर हात धरून वर पाहिले आणि किंचाळली. मग एकेक जण सावलीबाहेर आला. दिवसाढवळ्या, निळ्या आभाळात एक पांढरी चांदणी जळत होती. ती शुक्राची नव्हती; शुक्राच्या कितीतरी आधी उगवून तिनेच सिदूला चकवले होते. कोणाच्या आज्यानेही ती कधी पाहिली नव्हती.

हैबती सगळ्यात शेवटी उठून कड्यापाशी आला. म्हणे, वर पाहिल्यावर त्याने आधी सिदूला दंडाला धरून कड्यापासून मागे ओढले. मग पुन्हा वर पाहिले, आणि पाहतच राहिला. राग काढावा असे आता कोणी उरले नव्हते. चांदणी मावळेपर्यंत त्याने मान खाली घेतली नाही, आणि तोवर सारा वाडा त्याच्याबरोबर उन्हात उभा राहिला.

ती पाहुणी पुढे फिकी होत होत विझली म्हणे. तारा फुटला की असे होते, हे तुम्ही सांगता. होत असेल बाबा, तुम्ही शिकलेली माणसे.

आजही निवाड्याआधी सगळे त्या कातळावर उभे राहून वर बघतात, आणि ज्याचे नुकसान झाले तो मान खाली घेईपर्यंत कोणी तोंड उघडत नाही. गेल्या साली शेजाऱ्याच्या कुत्र्याने धोंडाईची कोकरे फाडली. सकाळी वर केलेली मान धोंडाईने ऊन कलल्यावर खाली घेतली. शेजारी समोर घामाने निथळत उभा होता.

"पाणी पी आधी," ती त्याला म्हणाली.